बागेतले पतंग: आधी नोंद, नाव मागाहून

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवतात. त्या रात्री मी खाली बागेत पतंग मोजायला चादर बांधत नाही. एका वर्षी बांधली होती. दोन तास बसले तर चादरीवर चार चिलटं, दोन बारके पतंग आणि एक टपून बसलेली पाल, एवढीच कमाई. बारा दिवसांनी, वसुबारसेला, तीच चादर तिथेच बांधली, दिवा तोच लावला, आणि दहा वाजेपर्यंत चाळिसाच्या वर पतंग मोजून झाले. बाग तीच, झाडं तीच. फरक होता चंद्राचा. पौर्णिमेच्या उजेडात माझ्या दिव्याचा प्रभाव फिका पडतो आणि काळोख्या रात्री तोच दिवा दुरून जाणवतो. वहीत दोन्ही रात्रींच्या नोंदी एकाखाली एक होत्या, म्हणून हे लक्षात आलं. नुसती आठवण ठेवली असती तर 'यंदा पतंग कमी झाले बुवा' म्हणून मोकळी झाले असते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. पतंग म्हटलं की संक्रांतीचा आठवतो, आणि दिव्यावर येतो त्याला आपण किडा, पाखरू, पाकोळी असं काहीही म्हणतो. इथे पतंग म्हणजे मॉथ: फुलपाखरांचं सख्खं भावंड, पण संख्येने कितीतरी पुढे. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या आसपास, पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. पतंगांच्या वाट्याला मात्र साधी मराठी नावंही फारशी आलेली नाहीत. ज्यांना नावं मिळाली ती अळी म्हणून, आणि तीही शेतकऱ्याच्या शिव्यांसकट. घाटे अळी, गुलाबी बोंडअळी, लष्करी अळी या सगळ्या पतंगांच्या लेकी. कपाटातल्या पैठणीला लागणाऱ्या कसरीत आणि रव्यात जाळी करणाऱ्या अळीतही पतंगच असतात. तेव्हा 'मी कधी पतंग पाहिलाच नाही' असं कुणी म्हणालं तर स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा उघडायला सांगावा.

पुण्यात पतंग मोजायला उत्तम काळ गणपती ते कार्तिकी पौर्णिमा. जून-जुलैत पतंग भरपूर असतात, पण पावसात चादर भिजते, वारा ती उडवतो आणि आपण छत्री धरू की कॅमेरा हे कळत नाही. जगभरचा 'नॅशनल मॉथ वीक' नेमका जुलैच्या अखेरीस येतो. तो अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झाला, तेव्हा आपल्या आषाढ-श्रावणाचा विचार कोण करणार! भाद्रपद सरता सरता पाऊस मागे हटतो, झाडं पानांनी लदलेली असतात, पावसाळाभर खाऊन माजलेल्या अळ्यांचे कोष फुटत असतात आणि हवेत अजून ऊब असते. ऑक्टोबर हीटला आपण कितीही नावं ठेवली तरी पतंगांना ती मानवते. कीटकाचं अंग बाहेरच्या हवेबरोबर तापतं आणि निवतं. रात्रीचा पारा उतरला की उडणं महाग पडतं.

सामान फार लागत नाही. जुनी पांढरी सुती चादर, ती टांगायला कपड्यांची दोरी, आणि दिवा. साधा पांढरा एलईडी चालतो. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसला जांभळा, अतिनील किरणांचा दिवा मिळाला तर फार बरं, कारण पतंगांच्या डोळ्यांना निळा-जांभळा आणि त्यापलीकडचा प्रकाश जास्त जाणवतो. अशा दिव्याकडे टक लावून मात्र पाहू नये. पिवळट बल्बवर तुलनेने कमी येतात. बाल्कनीत किडे नको असतील तर हीच माहिती उलटी वापरता येते. शेतकरी ज्याला प्रकाश सापळा म्हणतात त्याचंच हे घरगुती रूप, फक्त खाली पाण्याची पाटी नाही. आपल्याला त्यांना मारायचं नाही, मोजायचं आहे.

आता पतंग दिव्यावर येतोच का? संतकवींपासून शायरांपर्यंत सगळ्यांनी त्याला प्रेमात किंवा मोहात पाडून जाळलं आहे. बराच काळ विज्ञानातही एक उत्तर चालायचं, की तो दिव्याला चंद्र समजतो आणि त्याची दिशा चुकते. जानेवारी २०२४ मध्ये इंपिरियल कॉलेज लंडन आणि फ्लॉरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालींवरून वेगळं कारण मांडलं, आणि मला ते चादरीसमोर बसून जास्त पटतं. उडणाऱ्या कीटकाला वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळायला लागतं. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे लाखो वर्षं एकच नियम पुरला: पाठ उजेडाकडे ठेव, म्हणजे तू सरळ उडतो आहेस. मग माणसाने बाजूला, मधेच, खाली दिवे लावले. पतंग बिचारा नियम पाळून दिव्याकडे पाठ करतो, तिरका होतो, वळतो, पुन्हा पाठ करतो, आणि दिव्याभोवती फेऱ्या मारत अडकून पडतो. दिवा पायथ्याशी ठेवून बघा. त्यावरून जाणारे काही पतंग चक्क उताणे होऊन कोसळतात. तो ओढला जात नाही, अडकतो. म्हणून दिवा रात्रभर लावून ठेवू नये. मी साडेआठला लावते, दहा-साडेदहाला विझवते आणि चादर हलकेच झटकते. पहाटेपर्यंत चादर राहिली तर दयाळ आणि बुलबुल आयत्या नाश्त्याला येतात.

नोंदीचं म्हणाल तर पाच गोष्टी हव्यात: काय दिसलं, किती, कुठे, केव्हा आणि कशावर (म्हणजे कुठल्या दिव्यावर, की फुलावर, की भिंतीवर). मी त्यात ढग, वारा, पाऊस आणि तिथी घालते. घरात दिनदर्शिका टांगलेली असतेच, चंद्राच्या कलांसाठी वेगळं ॲप कशाला? पहिल्या वर्षी यातलं काहीच केलं नाही. फोनवर धडाधड फोटो काढले, बहिणीला मेसेजवर पाठवले, फोनमधली जागा भरली म्हणून मूळ फोटो पुसले, आणि पुढे तेच फोटो तिच्याकडून परत मागवले. फोटो आले, पण त्यांच्या पोटातली तारीख, वेळ आणि जागा वाटेत गळून गेली. एक सुंदर हिरवा पतंग आजही माझ्याकडे आहे, आणि तो कोथरूडच्या बागेतला की गणपतीत गेलो होतो त्या कोकणातला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. नाव असून नोंद नाही. याउलट 'करड्या रंगाचा, नखाएवढा, पंखावर पांढरा पट्टा, तीन नग, १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०' ही नाव नसलेली नोंद कायम कामाची. नाव कधीही चिकटवता येतं.

दुसरी खोड म्हणजे छान छानच टिपायचं. मोठा, रंगीत पतंग आला की दहा फोटो, आणि कोपऱ्यातले करडे सात जण बेदखल. असं केलं की वही वाचून वाटतं, आपल्या बागेत फक्त राजेरजवाडे राहतात. जे आलं ते सगळं मोजायचं. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं. आठवड्यातून एकदा, तोच वार, तीच जागा, तोच दिवा, तेवढाच वेळ. एवढं पाळलं तर या वर्षीची अश्विनातली रात्र पुढच्या अश्विनाशी ताडून बघता येते. दिवा बदलला तर तसं लिहायचं, नाहीतर नव्या दिव्याचं श्रेय पतंगांना जातं.

ओळख पटवायला बसलं की आधी रंग विसरायचा. रंग फसवतो; जुन्या पतंगाचे खवले झडलेले असतात, फोटोत दिव्याची झाक येते. बसण्याची ढब बघायची, त्यावरून निदान कूळ कळतं. हॉक मॉथ लढाऊ विमानासारखा, निमुळते पंख मागे ओढून बसतो. भिंतीवर तिकीट चिकटवल्यासारखा चारही पंख सपाट पसरून बसला तर बहुधा जिओमेट्रिड, ज्याची अळी वीत टाकल्यासारखी चालते. कौलारू छपरासारखे पंख उतरते ठेवणारे दांडगट, केसाळ खांद्यांचे ते नॉक्टुइड. त्यांच्या पुढच्या पंखावर बरेचदा एक गोल आणि एक राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा डाग असतो. बारीक, लांब पायांचा, त्रिकोणी बसणारा क्रॅम्बिड. आणि टी अक्षर काडीने काढल्यासारखा दिसला तर तो प्लूम मॉथ, त्याला कुणी पतंगच मानत नाही. मिशाही पाहाव्यात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगकाडीच्या गुलासारखी गाठ असते. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. पिसासारखी बहुधा नराची, कारण त्याला अंधारात मादीचा गंध हुंगत जायचं असतं. शेतात लावतात त्या कामगंध सापळ्यांत याच गंधाची नक्कल भरलेली असते.

फोटो वरून, सरळ, पंख पूर्ण येतील असा एक, बाजूने एक, आणि शेजारी पट्टी किंवा एक रुपयाचं नाणं ठेवून एक. नाण्यामुळे पुढे किती भांडणं मिटतात! जमलं तर मागचा पंखही दिसू द्यावा. पतंगाचा पुढचा पंख वाळक्या पानाचा आणि मागचा लग्नातल्या शालूचा, असं पुष्कळदा असतं.

पण शहरातल्या बागेत खरी किल्ली पंखावर नसते, झाडावर असते. पतंगाची अळी बहुधा ठरावीक झाडंच खाते, आणि आपल्या बागेत झाडं मोजकी असतात. आमच्या कुंपणाला तगर आणि कण्हेर आहे. एका सकाळी फरशीवर मिरीच्या दाण्यांहून मोठ्या काळसर लेंड्या दिसल्या. झाडणाऱ्या मावशींना वाटलं उंदीर. मी लेंड्यांच्या बरोब्बर वर पाहिलं, पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, मग एक पान पानापेक्षा जाड वाटलं. बोटाएवढी हिरवी अळी, देठाला उलटी लटकलेली, मागे शिंगासारखं शेपूट. हात जवळ नेला तशी तिने डोकं आत ओढलं आणि मानेवर दोन निळे-पांढरे डोळे उघडले. ते डोळे नव्हेत, नुसते डाग, पण पक्ष्याला दचकवायला पुरेसे. ही डॅफ्निस नेरी, कण्हेरीचा हॉक मॉथ. कण्हेर आणि तगर दोन्ही विषारी, गाय तोंड लावत नाही, हिला मात्र पक्वान्न. चार दिवसांनी ती हिरवी अळी तपकिरी झाली. मावशींनी आरोळी दिली, 'ताई, तुमची अळी सडली!' सडली नव्हती. कोषात जायची वेळ झाली की ती रंग बदलते आणि झाड उतरून पाल्यात शिरते. पतंग बाहेर येतो तो हिरव्या-गुलाबी छटांच्या नक्षीचा, सैनिकाच्या गणवेशासारखा.

असंच गुळवेलीचं. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल लागली आणि काढ्याचा उत्साह ओसरल्यावर ती कुंपणभर पसरली. तिच्यावर यूडोसिमा नावाच्या पतंगाच्या अळ्या येतात. त्याही अंगावर डोळे मिरवणाऱ्या, आणि शरीराचा असा वेटोळा करतात की तोंड कुठलं ते कळू नये. मोठा झालेला पतंग बसला की वाळकं पान, उडाला की आत भडक नारिंगी पंख आणि त्यावर काळा डाग. बागेत आपण त्याचं कौतुक करतो, पण विदर्भातल्या संत्रा बागाईतदाराला विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबरात आंबिया बहाराची फळं भरत येतात, तेव्हा हा पतंग रात्री आपली टोकदार, काटेरी सोंड फळात खुपसून रस पितो. भोकातून बुरशी शिरते, फळ गळतं. बहुतेक पतंगांची सोंड नळीसारखी मऊ असते, मोठ्या रेशीम पतंगांना तर तोंड जवळपास नसतंच. हा सोंडेने साल भोसकणारा त्यातला दरोडेखोर. शेतकरी त्यासाठी संध्याकाळी बागेत धूर करतात.

उंबर किंवा वड जवळ असेल तर असोटा हमखास: पिवळा-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा. गच्चीवर दोडका किंवा तोंडली लावली असेल तर एक पांढरा, काचेसारखा पतंग येईल, पंखांना काळी किनार आणि शेपटाला दाढी करायच्या ब्रशसारखा झुबका, जो तो सतत हलवत बसतो. डायाफेनिया इंडिका. दोडक्याच्या पानांची चाळण कुणी केली याचा तपास तिथेच संपतो. माठ किंवा राजगिरा पेरला असेल तर चॉकलेटी पंखांवर पांढरा आडवा पट्टा असलेला स्पोलेडिया; शरदात तो इतका येतो की मी त्याला मोजताना कंटाळते. अळू आणि तेरडा असेल तर हॉक मॉथच्या आणखी एका जातीच्या अळ्या. आणि बाग नसली तरी बाथरूमच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी करडी, चपटी पिशवी सरकताना पाहिलीच असेल. तिच्या दोन्ही टोकांना दारं असतात आणि आत एका बारक्या पतंगाची अळी. धूळ, वाळूचे कण आणि रेशीम यांचं घर पाठीवर घेऊन ती कोळ्याची जाळी, केस, लोकरीचे धागे खात फिरते.

केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू नये, कितीही लोभस वाटला तरी. शेवग्यावर झुंडीने येणारे, किंवा चमकदार केसांचे झुबके असलेले सुरवंट अंगाला लागले की खाज आणि पुरळ. पतंगांच्या बाबतीत चावण्याची भीती नाही. एक रात्री चादरीवर मोठा, पाठीवर कवटीसारखा डाग असलेला पतंग आला आणि त्याला काडीवर घ्यायला गेले तर तो उंदरासारखा चिरकला. वॉचमनकाका दोन पावलं मागे गेले. हा अकेरॉन्शिया, अळीपणी तिळावर वाढतो, मोठेपणी मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध चोरतो. सोंडेतून हवा खेचून-सोडून तो आवाज काढतो. कवटीमुळे लोक त्याला अपशकुनी म्हणतात. चोर म्हटलं तर निदान पुरावा आहे.

काका आता माझ्याहून हौशी झालेत. त्यांना मी एक खेळ दाखवला होता. चादरीजवळ उडणारे पतंग बघत किल्ल्यांचा जुडगा जोरात खुळखुळवायचा. काही पतंग एकदम दिशा बदलतात, काही दगडासारखे खाली पडतात. किल्ल्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आपल्याला ऐकू न येणारा अतिशय उंच पट्टीचा आवाजही निघतो. वटवाघूळ शिकार शोधताना तसल्याच पट्टीत ओरडतं, आणि अनेक पतंगांना ते ऐकायला कान असतात. सोसायटीच्या सगळ्या मीटररूमच्या किल्ल्या काकांच्या कमरेला असतात. त्यांची फेरी आली की माझी मोजणी बोंबलते.

नावं शोधायला आज इंटरनेटवर तीन दारं चांगली आहेत: आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि मॉथ्स ऑफ इंडिया. फोटो, तारीख, जागा टाकली की जाणकार पाहतात. पूर्वी हे सुख नव्हतं. निलगिरीत चहाचा मळा सांभाळलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ दरम्यान भारतातल्या पतंगांचे चार खंड लिहिले. जाणकारांना अजूनही त्यांत डोकं घालावं लागतं. आयनॅचरलिस्टचं ॲप सुचवतं ते नाव मात्र डोळे मिटून घेऊ नये. माझ्या एका तपकिरी पतंगाला त्याने युरोपातलं नाव दिलं होतं. ती जात इथे आढळते का, इथलं कुणी ती पाहिली आहे का, तिचं खाद्यझाड माझ्या आसपास आहे का, हे तीन प्रश्न विचारले की निम्मी चुकीची नावं गळतात.

उरलेल्या निम्म्यांत बरीच अशी, की फोटोवरून कुणीच सांगू शकत नाही. सारख्या दिसणाऱ्या कितीतरी जाती फक्त जननेंद्रियांच्या रचनेवरून किंवा डीएनएवरून वेगळ्या काढता येतात. तेव्हा जातीच्या एक पायरी वर, वंशाशी (जीनस) थांबायचं, तेही नाही तर त्याहून मोठ्या कुळाशी (फॅमिली). 'क्रॅम्बिड, जात अज्ञात' असं लिहायला सुरुवातीला मला कमीपणा वाटायचा. नंतर कळलं की खोटं नाव सगळ्यात महाग पडतं: एक चुकीची नोंद नकाशावर एक ठिपका होऊन बसते, आणि त्या ठिपक्यावर भरवसा ठेवून दुसरं कुणी आपल्या पतंगाला तेच नाव देतं.

दिवाळीचे चार दिवस मी सुट्टी घेते. अमावास्या असते, पण घरोघरी आकाशकंदील आणि माळा, वर फटाक्यांचा धूर. पतंगांनी कुठल्या कुठल्या उजेडाकडे पाठ करायची? भाऊबीज झाली की पुन्हा चादर. आकडे उतरू लागतात. चाळिसाचे वीस, वीसाचे नऊ. मोठे हॉक मॉथ विरळ होतात. कित्येक जाती आता कोषात, मातीत किंवा पालापाचोळ्यात पावसाळ्याची वाट बघत पडलेल्या असतात. म्हणून मावशींशी माझा एक करार आहे: तगरीखालचा पाला झाडायचा नाही, जाळायचा तर नाहीच, कोपऱ्यात ढीग करायचा. सोसायटीच्या बैठकीत त्या ढिगाविरुद्ध तक्रार आली. मी वही नेऊन दाखवली. ढीग राहिला, पण एका वर्षाच्या बोलीवर.

गेल्या हंगामातली शेवटची नोंद अशी: 'गुरुवार, रात्री ८:३० ते १०. आकाश निरभ्र, वारा नाही, थंडी, स्वेटर. दिवा जांभळा, चादर नेहमीची. पतंग ०. पाल १, तीच असावी.'